डोळे येऊन गेल्यावर

मराठीत डोळे 'येतात'. ताप येतो, गोवर येतो, पाहुणे येतात, तसे डोळेही येतात. आणि आलेले डोळे आठ-दहा दिवसांत जातात, असा आपला सगळ्यांचा अनुभव असतो. शाळेत एकाला आले की आठवड्याभरात अर्धा बाक रिकामा. जुलै २०२३ मध्ये आळंदीतल्या मुलांच्या बातम्या आल्या आणि बघता बघता लाल डोळ्यांची साथ राज्यभर पसरली. लोकल, ऑफिस, क्लास, जिथे बघावं तिथे काळे चष्मे.

बहुतेकांची गोष्ट तिथेच संपते. काहींची मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नव्याने सुरू होते. लाली गेलेली असते, चिकटा थांबलेला असतो, आरशात डोळा स्वच्छ दिसतो, आणि तरी समोरचं धूसर दिसतं. रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती पिसारे फुटतात. डॉक्टर यंत्रातून बघतात तेव्हा कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेत, नाण्यासारखे गोल पांढुरके ठिपके दिसतात. डोळे येण्याला कारणीभूत विषाणू बरेच आहेत, पण असे ठिपके मागे ठेवणारे विषाणू मुख्यतः ॲडिनोव्हायरस कुळातले.

या ठिपक्यांना सव्वाशेहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. तो व्हिएन्नात सुरू होतो, मुंबई-मद्रासला येतो, दुसऱ्या महायुद्धातल्या गोद्यांमध्ये शिरतो आणि आयबीएमच्या प्रयोगशाळेत पोचतो. मी तो शोधत गेलो, कारण असे ठिपके माझ्याही डोळ्यांत होते आणि ते लेझरने काढावेत का, हे मला ठरवायचं होतं.

व्हिएन्ना, मुंबई, मद्रास

१८८९ साली व्हिएन्नातल्या डॉक्टरांना एक वेगळाच प्रकार दिसायला लागला. डोळे आलेले रुग्ण बरे होत, आणि मग त्यांच्या कॉर्नियात बारीक ठिपके उगवत. त्या काळचे नामवंत नेत्रतज्ज्ञ अर्न्स्ट फुक्स यांनी त्याचं वर्णन करून त्याला लॅटिन नाव दिलं: 'केराटायटिस पंक्टाटा सुपरफिशियालिस', म्हणजे कॉर्नियाचा वरवरचा, ठिपक्याठिपक्यांचा दाह. त्याच वर्षी व्हिएन्नातल्याच आडलर, रॉइस आणि श्टेलवाग यांनीही हेच लिहिलं. एका शहरातले चार डॉक्टर एकाच वर्षी एकच गोष्ट लिहितात, म्हणजे शहरात साथच असणार.

त्यांच्याकडे साधनं काय होती? बाजूने टाकलेला दिव्याचा झोत आणि हातातलं भिंग. आज प्रत्येक नेत्रतज्ज्ञाकडे दिसणारा स्लिट लॅम्प, ज्याच्यासमोर आपण हनुवटी टेकवून बसतो, तो आल्वार गुलस्ट्रांड यांनी १९११ साली लोकांपुढे आणला. विषाणू म्हणजे काय हेही १८८९ मध्ये कुणाला माहीत नव्हतं. त्या डॉक्टरांना परिणाम दिसत होता, कारण दिसत नव्हतं.

मग ही गोष्ट आपल्याकडे येते. मुंबईत काम करणारे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर हर्बर्ट यांनी १९०१ साली याच ठिपक्यांवर लेख लिहिला. त्यांचा संशय एका जिवाणूवर होता. तो काळ जिवाणूंचाच होता. क्षय, पटकी, प्लेग, एकामागून एक रोगांचे जिवाणू सापडत होते, तेव्हा याचाही सापडेल असं वाटणं साहजिक होतं. संशय चुकीचा निघाला, पण साथीनंतरचे ठिपके मुंबईतही नोंदले गेले.

पुढची नोंद मद्रासची. एग्मोरचं सरकारी नेत्ररुग्णालय १८१९ साली सुरू झालेलं, जगातल्या सर्वांत जुन्या डोळ्यांच्या रुग्णालयांपैकी एक. तिथल्या डॉक्टर कर्कपॅट्रिक यांनी मद्रासमध्ये पसरलेल्या साथीबद्दल १९२० मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी'त लिहिलं. पुढे या दुखण्याला 'मद्रास आय' हे नाव चिकटलं. चेन्नईत राहणारा माझा एक सहकारी आजही डोळे आले की 'मद्रास आय झालाय' असं सांगून सुट्टी टाकतो. शहराचं नाव बदललं, दुखण्याचं नाही बदललं.

साथींना नावं देण्याची तऱ्हा सगळीकडे मजेशीर आहे. १९६९ मध्ये घानात दुसऱ्याच एका विषाणूमुळे डोळ्यांची साथ आली, तेव्हा माणूस चंद्रावर उतरत होता, म्हणून तिचं नाव 'अपोलो' पडलं. दोन वर्षांनी, बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी, कोलकात्यात साथ आली. तिला लोक 'जय बांगला' म्हणायला लागले. आपण मराठी माणसांनी कुणाला दोष न देता नुसतं 'डोळे आले' म्हटलं, हे मला आवडतं.

गोदीतला डोळा

या इतिहासातला सगळ्यांत अस्वस्थ करणारा भाग १९४१-४२ चा आहे. हवाईतल्या पर्ल हार्बरच्या गोदीत डोळ्यांची जोरदार साथ सुरू झाली. तिथून ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेली आणि पुढे पूर्वेकडच्या गोद्यांमध्ये. युद्ध सुरू होतं, जहाजं हवी होती, आणि हजारो कामगार डोळे मिटून घरी बसले होते. इंग्रजी बोलणारे कामगार तिला 'शिपयार्ड आय' म्हणत. सान फ्रान्सिस्कोतल्या होगन आणि क्रॉफर्ड या डॉक्टरांनी १९४२ मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं. तेच आधी लाल डोळे, तेच मग ठिपके.

गोदीतच का? वेल्डिंग आणि ग्राइंडिंग करताना धातूचे कण उडतात. डोळ्यात कण गेला की कामगार गोदीच्या दवाखान्यात जायचा. तिथली माणसं पापणी उलटून कण काढायची, थेंब घालायची आणि पुढच्याला बोलवायची. रांग मोठी, वेळ कमी. तीच बोटं, तेच चिमटे, औषधाची तीच बाटली. कण काढायला गेलेला कामगार विषाणू घेऊन परत यायचा. साथ जिथे बरी व्हायला हवी तिथूनच पसरत होती.

हे वाचताना मला आमच्या क्षेत्रातली एक गोष्ट आठवली. सर्व्हरवर पॅच टाकणारी यंत्रणाच बाधित असेल, तर जितक्या निष्ठेने तुम्ही पॅच टाकाल तितकी बाधा पसरते. फरक इतकाच, की सर्व्हर पुन्हा उभा करता येतो.

विषाणू हाती लागायला आणखी वेळ लागला. १९५३ मध्ये वॉलेस रो आणि सहकाऱ्यांना मुलांच्या नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथींत एक नवा विषाणू सापडला. त्यावरून पुढे कुळाचं नाव ॲडिनोव्हायरस पडलं. १९५५ मध्ये अर्नेस्ट जावेत्झ आणि सहकाऱ्यांनी या कुळातल्या आठव्या प्रकाराचा आणि ठिपके ठेवणाऱ्या साथीचा संबंध दाखवला. व्हिएन्नातल्या त्या चार लेखांनंतर ६६ वर्षांनी आरोपी सापडला.

ठिपका नक्की कशाचा

आरोपी सापडला, पण ठिपक्यांचं कोडं बाकी होतं. ठिपके उमटतात तेव्हा आजार ओसरत आलेला असतो. मग हा ठिपका आहे कुणाचा?

आधी कॉर्नियाबद्दल. ती मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. डोळ्यात येणारा प्रकाश वळवण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम ती करते. आतल्या भिंगाचा वाटा उरलेला. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. वरचा पेशींचा थर साधारण ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. त्याखाली कोलॅजनचे अतिशय बारीक धागे एकसारख्या अंतरावर, शिस्तीत रचलेले असतात. या शिस्तीमुळेच ती पारदर्शक राहते, हे डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ मध्ये गणिताने मांडलं. शिस्त मोडली की प्रकाश विखुरतो आणि काच धुरकट होते.

ॲडिनोव्हायरस वरच्या थरातल्या पेशींत वाढतो. त्याचे प्रथिनांचे अवशेष खालच्या थरात झिरपतात. आपल्या प्रतिकारशक्तीचे सैनिक, म्हणजे लिम्फोसाइट पेशी, त्या अवशेषांना शत्रू समजून तिथे गोळा होतात. ठिपका म्हणजे ही जमलेली गर्दी. शत्रू पळालाय, त्याच्या रिकाम्या छावणीभोवती आपलीच फौज तळ ठोकून बसलीये.

म्हणूनच स्टेरॉइडचे थेंब घातले की ठिपके झपाट्याने फिके होतात: फौजेला घरी जायचा हुकूम मिळतो. आणि म्हणूनच थेंब बंद केले की ते परत येतात: अवशेष तिथेच असतात. शिवाय स्टेरॉइड महिनोन्महिने चालू ठेवले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो. अशा वेळी काही डॉक्टर सायक्लोस्पोरिनच्या थेंबांकडे वळतात.

माझं अगदी असंच झालं. २०२३ च्या साथीनंतर तीन आठवड्यांनी काळ्या पडद्यावरचा कोड वाचताना प्रत्येक ओळीच्या कडेला धूर दिसायला लागला. डार्क मोड बंद केला, अक्षरं मोठी केली, तरी दुपारी तीननंतर कंसाचं टोक आणि स्वल्पविराम यांत फरक कळेना. थेंब चालू असेपर्यंत बरं वाटायचं, कमी केले की धूर हजर. तीनदा हे चक्र झालं. घरी आई म्हणाली, "अरे, चष्मा घालवायला लोक लेझर करतात, तसं तूही करून टाक ना. पोटापाण्याचा प्रश्न आहे तुझा." मलाही तेच वाटत होतं. डॉक्टर मॅडमना विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "करता येतं. पण आधी तो लेझर काय करतो ते समजून घ्या, मग आपण बोलू."

उरलेली टर्की

तो लेझर म्हणजे एक्सायमर. त्याचा जन्म डोळ्यांसाठी झालेला नाही. १९७० मध्ये मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेत निकोलाय बासोव यांच्या गटाने पहिला एक्सायमर लेझर चालवला. डोळ्यांसाठी वापरतात त्यात आरगॉन आणि फ्लोरिन हे वायू असतात. आरगॉन एरवी कुणाशीच जोडी जमवत नाही. विजेच्या झटक्याने उत्तेजित झाला की तो क्षणभर फ्लोरिनला धरतो, आणि सोडताना १९३ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश फेकतो.

न्यूयॉर्कजवळच्या यॉर्कटाउन हाइट्स इथल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात हा लेझर इलेक्ट्रॉनिक्सच्या कामासाठी तपासला जात होता. प्लॅस्टिकसारख्या पदार्थांवर तो अतिशय स्वच्छ खाचा पाडतो, असं तिथे दिसलं होतं. रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे तिघे शास्त्रज्ञ या कामात होते. हाडामांसावर हा प्रकाश काय करेल, असा प्रश्न त्यांना पडला होता. २७ नोव्हेंबर १९८१, थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस. श्रीनिवासन घरी उरलेली टर्की घेऊन प्रयोगशाळेत आले आणि लेझरखाली धरली. खाच स्वच्छ पडली. पुढे हिरव्या लेझरशी तुलना केली, तेव्हा त्याच्या खाचेच्या कडा भाजून काळ्या पडलेल्या. एक्सायमरच्या खाचेशेजारचं मांस जसंच्या तसं.

याचं कारण साधं आहे. या प्रकाशाच्या एका कणात ६.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. सेंद्रिय पदार्थातला कार्बन-कार्बन बंध तोडायला त्याच्या साधारण निम्मी पुरते. त्यामुळे रेणूंचे तुकडे होऊन ते उडून जातात, आणि उष्णता शेजारी पसरायच्या आत काम संपतं. शिवाय हा प्रकाश ऊतींत खोल शिरतच नाही.

श्रीनिवासन रसायनशास्त्राच्या पदव्या मद्रास विद्यापीठातून घेऊन अमेरिकेला गेले होते. ज्या शहराचं नाव दुखण्याला लागलं, त्याच शहरात शिकलेल्या माणसाच्या हातून त्या दुखण्याच्या खुणा खरवडायचं हत्यार तयार झालं. यात योगायोगापलीकडे काही नाही, पण मला तो विसरता येत नाही.

आणखी एक गंमत. १९८२ मध्ये आयबीएममध्येच कांती जैन यांनी एक्सायमर लेझरने चिपवर नक्षी उमटवता येते, हे दाखवलं. आजही चिपच्या कारखान्यांत १९३ नॅनोमीटरचा हाच प्रकाश मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय, त्यातल्या चिपवरची बरीचशी नक्षी याच प्रकाशाने कोरलेली असणार.

डोळ्याकडे हा लेझर वळवला तो कोलंबिया विद्यापीठातले नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी. १९८३ मध्ये श्रीनिवासन यांच्यासोबत त्यांनी कॉर्नियावरच्या प्रयोगांचा निबंध प्रसिद्ध केला. दशकाच्या मध्यात बर्लिनला थिओ सायलर यांनी माणसाच्या डोळ्यावर तो वापरायला सुरुवात केली. १९८८ मध्ये अमेरिकेत डॉक्टर मार्गरिट मॅकडोनाल्ड यांनी पहिल्यांदा दिसणाऱ्या डोळ्यावर नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया केली. तो डोळा एका कर्करोगग्रस्त बाईंचा होता. आजारामुळे तो काढून टाकावाच लागणार होता. त्याआधी त्यांनी तो प्रयोगासाठी देऊ केला. आज चष्मा घालवून फिरणाऱ्या प्रत्येकावर त्या बाईंचं थोडं ऋण आहे.

एक तपशील सहसा सांगितला जात नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९५ साली आधी परवानगी दिली ती आजारी कॉर्नियाच्या उपचाराला आणि त्याच वर्षी नंतर चष्म्याच्या नंबराला. जाहिरातींचे फलक नंबर घालवण्याच्या वाट्याला आले. उपचाराच्या या शस्त्रक्रियेचं नाव फोटोथेराप्युटिक केराटेक्टॉमी. डॉक्टर नुसतं 'पीटीके' म्हणतात.

पाव मायक्रॉन

पीटीके वाचताना सोपं वाटतं. डोळा थेंबांनी बधिर करायचा. वरचा पेशींचा थर काढायचा. मग लेझरचे ठोके. प्रत्येक ठोक्याला साधारण पाव मायक्रॉन जाडीचा पापुद्रा उडतो. पृष्ठभाग उंचसखल असेल तर खड्ड्यांमध्ये दाट द्रव भरतात, म्हणजे उंचवटे आधी झिजतात. शेवटी बँडेजसारखी कॉन्टॅक्ट लेन्स ठेवतात. काही दिवसांत वरचा थर पुन्हा वाढतो, आणि तोवर डोळा चांगलाच दुखतो.

पण कॉर्निया ही काच आहे तसंच भिंगही आहे. मधला भाग झिजला की तो सपाट होतो आणि प्लस नंबर येऊ शकतो. खोलवरचा ठिपका गाठायचा तर जास्त झिजवावं लागतं, आणि झिजवलेला खालचा थर वरच्या थरासारखा परत वाढत नाही. बरं होताना नवा धूसरपणा येऊ शकतो. तो टाळायला काही वेळा मायटोमायसिन नावाचं औषध लावतात. ठिपके नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पीस विषाणूचे असतील तर गोष्ट आणखी नाजूक. तो विषाणू नसांमध्ये दडून बसलेला असतो आणि लेझरमुळे पुन्हा जागा होऊ शकतो.

ॲडिनोव्हायरसच्या ठिपक्यांची अडचण वेगळीच. लेझरने गर्दीचा थर खरवडता येतो, पण फौजेला शत्रू विसरायला लावता येत नाही. वर्षानुवर्षं ठिपके टिकलेल्या रुग्णांना पीटीकेनंतर स्वच्छ दिसायला लागल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ठिपके परत उगवल्याच्याही आहेत. आणि बहुतेकांचे ठिपके आपोआप फिकट होत जातात. कुणाचे काही आठवड्यांत, कुणाचे काही महिन्यांत, कुणाला वर्षं लागतात.

हे सगळं वाचून मी पुन्हा गेलो तेव्हा मॅडमनी विचारलं, "काय ठरवलंत?" मी विचारलं, "माझ्या जागी तुम्ही असता तर?" त्या म्हणाल्या, "ठिपके तुमच्या बाजूने आहेत. फिके होतायत. काढलेले मायक्रॉन मला परत लावता येणार नाहीत. लेझर कुठे पळून जात नाही."

मी थांबलो. सव्वा वर्ष लागलं. त्या काळात कामाचे तास सकाळी आणले, मोठा स्क्रीन घेतला, रात्रीची गाडी चालवणं सोडलं. आता स्लिट लॅम्पमध्ये दोन-तीन पुसट खुणा दिसतात, असं मॅडम सांगतात. मला त्या जाणवत नाहीत. हा सगळ्यांसाठीचा सल्ला नाही. ठिपके वर्षानुवर्षं हटत नाहीत आणि स्टेरॉइड सुटत नाहीत, अशा माणसाला लेझरचा तो पाव मायक्रॉन पुन्हा वाचायला देऊ शकतो. त्याचं थांबणं आणि माझं थांबणं एक नव्हे.

टॉवेल

हा सगळा इतिहास बाजूला ठेवला तरी व्यवहारात उरतात दोन-तीन साध्या गोष्टी. आलेल्या डोळ्यांकडे नुसतं पाहून डोळे येत नाहीत. काळा चष्मा घालणाऱ्याला उजेडाचा त्रास कमी होतो, इतरांचं रक्षण होत नाही. विषाणू जातो हातांवरून, टॉवेलवरून, उशीवरून, दोघांत वापरलेल्या थेंबांच्या बाटलीवरून. ॲडिनोव्हायरसला बाहेरचं स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे सॅनिटायझरला तो सहज दाद देत नाही, आणि कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस टिकून राहतो. साबण आणि वाहतं पाणी जास्त भरवशाचं.

पर्ल हार्बरच्या त्या दवाखान्यात लेझर नव्हता, विषाणूचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. पण प्रत्येक कामगारानंतर हात धुतले गेले असते, चिमटे उकळले असते आणि बाटली बदलली असती, तर कितीतरी डोळ्यांत ते ठिपके उमटलेच नसते. पुढच्या पावसाळ्यात घरात कुणाचे डोळे आले तर त्याचा टॉवेल वेगळ्या खुंटीवर टांगा. आणि डोळे बरे झाल्यावर दोन आठवड्यांनी त्याला विचारा, रस्त्यावरचे दिवे नीट दिसतायत ना?